इन्शुरन्स मुगीतु

आपल्याला कन्नड येतं असं शाल्मलीचं स्वतःचं मत होतं. नागपूरहून बंगळुरात येऊन तीन वर्षं होत आली होती. तेवढ्या काळात तिच्या ऑफिसातल्या बाकी मंडळींनी 'कन्नडा गोत्तिल्ल', म्हणजे कन्नड येत नाही, एवढ्याच भांडवलावर इथं बस्तान बसवलं होतं. शाल्मली त्यातली नव्हे. भाजीवाला, रिक्षावाला, वॉचमन, सगळ्यांशी ती हट्टानं कन्नडच बोलायची. समोरचा माणूस दया येऊन हिंदीत शिरला की ती त्याला मागे ओढायची, "कन्नडा माताडि, नान कलीताइद्दीनि." बोला कन्नड, मी शिकतेय. मग तो खूश होऊन भडाभडा बोलत सुटायचा. त्यातलं चार आणे तिला कळायचं आणि उरलेल्या बारा आण्यांना ती मान डोलावून "सरी, सरी" म्हणायची. ठीक आहे, ठीक आहे. काय ठीक आहे, ते समोरच्यालाच ठाऊक.

तिचा नवरा अभिजीत पुण्याचा. त्याला भाषेबिषेचा सोस नव्हता. कन्नड बोलायची वेळ आली की तो बायकोला पुढे करायचा आणि स्वतः मागे उभा राहून मोबाइल बघायचा. शाल्मलीला ते मनातून आवडायचं. कुठल्या तरी एका बाबतीत हा माणूस आपल्यावर अवलंबून आहे, याचं सुख काही औरच असतं.

तर झालं असं, की जयनगरातल्या त्यांच्या गल्लीत पाण्याचा एक टँकर मागे घेता घेता त्यांच्या उभ्या गाडीवर आला आणि तिचे डावीकडचे दोन्ही दरवाजे आत गेले. गाडी वर्कशॉपमध्ये गेली. दुरुस्ती होईपर्यंत बदली गाडी मिळण्याची सोय त्यांच्या पॉलिसीत होती, म्हणून वर्कशॉपचा प्रणीत एक पांढरी छोटी गाडी दारात आणून उभी करून गेला. प्रणीत चुणचुणीत आणि गोड बोलणारा होता. शाल्मलीशी तो कन्नडच बोलायचा, कारण तिनं त्याला तसं बजावलं होतं.

किल्ली घेताना तिनं नेमकं विचारायचं ते विचारलं. समजा, ही गाडी आमच्या हातून कुठं ठोकली, तर? प्रणीतनं हातवारे करून सांगितलं, की तुमची पॉलिसी तुमच्या गाडीपुरती. ही गाडी वर्कशॉपची, हिचा इन्शुरन्स वेगळा, त्यातच तुमचं सगळं बसतं. त्याचे कागद एकदा बघून घेतो, लागलं तर तुमची नावं घालून घेतो आणि फोन करतो. एवढं तिला समजलं, आणि तेवढं तरी बरोबर समजलं होतं.

फोन शुक्रवारी संध्याकाळी आला. शाल्मली तेव्हा फोर्थ ब्लॉकच्या बाजारात होती. एका कानाशी फोन, दुसऱ्या कानाशी शेवंती विकणाऱ्या बाईची आरोळी आणि मागे बसचा हॉर्न. प्रणीत म्हणाला, "मॅडम, आ गाडीदु इन्शुरन्स मुगीतु. होरगे तेगीबेडि. सोमवारा बेरे गाडी कळस्तीनि."

यातलं 'मुगीतु' तिला पक्कं येत होतं. घरी कामाला येणारी धनलक्ष्मी रोज जाताना पदराला हात पुसत म्हणायची, "अक्का, केलसा मुगीतु." काम झालं. म्हणजे इन्शुरन्सचं काम झालं. पुढं सोमवार ऐकू आला, गाडी ऐकू आली, म्हणजे सोमवारी आपली गाडी दुरुस्त होऊन येणार. मधलं काहीतरी निसटलं, पण मधलं नेहमीच निसटतं.

"सरी, सरी. थँक्यू, प्रणीत," ती म्हणाली आणि शेवंतीचा भाव करायला लागली.

शनिवारी सकाळी अभिजीत देवनहळ्ळीला निघाला. तिकडं विमानतळाच्या पलीकडे द्राक्षांच्या बागा काढून कुणीतरी लेआउट पाडला होता आणि अभिजीतला प्लॉट बघायची हौस आली होती. बूट घालता घालता त्यानं विचारलं, "त्या गाडीच्या इन्शुरन्सचं झालं का गं?"

"मुगीतु," शाल्मली ऐटीत म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे झालं. इतक्या वर्षांत एवढा एक शब्द तरी शिक."

"मुगीतु, मुगीतु," असं घोकत तो लिफ्टमध्ये शिरला. तिला हसू आलं.

तो गेल्यावर थोड्या वेळानं धनलक्ष्मी आली. शाल्मलीला कॉफी हवी होती. तिनं लॅपटॉपवरून मान न उचलता सांगितलं, जरा दूध तापव. आतून भांड्यांचा आवाज आला आणि मग धनलक्ष्मीचा. "अक्का, हालु मुगीतु."

दूध झालं. शाल्मली कप घेऊन आत गेली. गॅस बंद होता. ओट्यावर दुधाचं पातेलं पालथं घातलेलं आणि शेजारी दुधाची कापलेली पिशवी, चपटी.

"हालु?" शाल्मलीनं विचारलं.

"मुगीतु," धनलक्ष्मी पुन्हा म्हणाली आणि तिनं पंजा उलटा करून हलवला, नाही म्हणायला हलवतात तसा. "खाली, अक्का. इल्ल."

शाल्मली कप हातात धरून तशीच उभी राहिली. पहिल्यांदा तिला फक्त गंमत वाटली, की अरे, हा शब्द असाही वापरतात. काम मुगीतु म्हणजे काम संपलं. दूध मुगीतु म्हणजे दूध संपलं. मग इन्शुरन्स मुगीतु...

कप तिनं ओट्यावर ठेवला, पण तो कडेला ठेवला गेला आणि धनलक्ष्मीनं पटकन आत सरकवला.

तिनं प्रणीतला फोन लावला. या वेळी ती सरळ हिंदीत बोलली. प्रणीतही हिंदीत बोलला आणि त्याचा गोड आवाज वाक्यागणिक सुकत गेला. "मॅडम, मैंने कल बोला था ना. उसका इन्शुरन्स खतम हो गया. गाडी बाहर मत निकालिए, सोमवार को दूसरी गाडी भेजता हूँ. आपने सरी बोला, थँक्यू बोला." मग थोडा थांबून म्हणाला, "गाडी घर पे ही है ना, मॅडम?"

शाल्मलीनं फोन ठेवला.

आता तिला भीती वाटायला लागली, ती खरी भीती. अभिजीत वाईट चालवत नव्हता, पण त्याच्या गाडीमागे आज कुणीच उभं नव्हतं. कुठं काही झालं, एखादा माणूस चाकाखाली आला, तर दवाखाना, पोलीस, कोर्ट, सगळं थेट त्यांच्या दोघांच्या अंगावर येणार. आणि त्या बिचाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो खुशीत शीळ घालत चालला असेल. विमानतळाचा तो रस्ता तिच्या डोळ्यांपुढे आला. भरधाव टॅक्सी, मध्येच लेन बदलणाऱ्या बस, दुभाजकाच्या फटीतून रस्ता ओलांडणारी माणसं.

तिनं अभिजीतला फोन केला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा केला. तो गाडी चालवताना फोन घेत नाही, हे तिला माहीत होतं. फोन समोरच्या क्लिपमध्ये अडकवून त्यावर नकाशा लावलेला असतो, हेही माहीत होतं. आपण फोन केला की नकाशाच्या जागी आपलं नाव येत असणार, हे मात्र तिच्या डोक्यात आलं नाही. भ्यालेल्या माणसाचा हात एकच काम करत राहतो. ती बाल्कनीत गेली, आत आली, पुन्हा बाल्कनीत गेली आणि सारखा फोन लावत राहिली. धनलक्ष्मी झाडू हातात धरून दारातून तिच्याकडे बघत होती.

"एनाय्तु, अक्का?" काय झालं?

"काही नाही," शाल्मली मराठीत म्हणाली. कन्नड तिच्या तोंडून पार पळालं होतं.

मग फोन उचलला गेला. "अभी, ऐक, गाडी बाजूला घे," ती घाईघाईनं म्हणाली. पलीकडे नुसता कालवा होता. पुष्कळ माणसं एकदम बोलत होती, कुणीतरी पत्र्यावर हात आपटत होतं, आणि या सगळ्याच्या तळाशी बारीक कण्हण्याचा आवाज येत होता.

"शाल्मली," अभिजीत म्हणाला. त्याचा आवाज तिला ओळखू आला नाही. "एक बाई मध्ये आली गं. म्हातारी आहे. तुझा फोन सारखा येत होता, रस्ता दिसेना, मी कट करायला हात पुढं केला आणि... फार जोरात नाही लागलं बहुतेक. पाय आहे. पाय वाकडा दिसतोय."

शाल्मलीनं फोन कानाशी घट्ट दाबला.

"हे लोक किल्ली काढून घेतायत. पंचवीस-तीस जण आहेत. सगळे कन्नडमध्येच ओरडतायत. इन्शुरन्स, इन्शुरन्स एवढंच कळतंय. मी त्यांना सांगतोय, इन्शुरन्स मुगीतु, मुगीतु, काळजी करू नका, तर ते आणखीच भडकतायत. एकानं माझी कॉलर धरली. तू बोल त्यांच्याशी. तुला येतं ना. मी स्पीकरवर टाकतो."

आणि त्यानं टाकला. कालवा एकदम मोठा झाला, दारातल्या धनलक्ष्मीलाही ऐकू जाईल इतका. धनलक्ष्मीनं झाडू खाली ठेवला. तिलाही त्यातलं कळत असणार, कारण तिचा हात तोंडाशी गेला.

शाल्मलीला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. तो रस्ता, ते कोंडाळं, मध्ये पांढरी गाडी, आणि तिचा नवरा, जो साध्या दुकानदाराशी भांडण झालं तरी दोन पावलं मागे सरतो. तो त्या गर्दीत उभा राहून मोठ्या विश्वासानं सगळ्यांना ओरडून सांगत होता, की माझा इन्शुरन्स संपलेला आहे. तिनंच त्याला तो शब्द शिकवला होता. त्याला मारतील. आता, या क्षणी मारतील, आणि आपण इथं जयनगरात बसून ते ऐकू.

विचार करायला तिला सवड नव्हती. या शहरात आल्यापासून त्या दोघांची एक सवय होती. दुकानात, लिफ्टमध्ये, घरमालकासमोर, जे इतरांना कळू द्यायचं नाही ते बिनधास्त मराठीत बोलायचं. लोकांच्या देखत बोलायचं आणि पुन्हा दार लावून बोलल्यासारखं निवांत राहायचं. तीच सवय आत्ता कामाला आली.

"अभी, चेहरा हलवू नकोस, नुसतं ऐक," ती भरभर मराठीत म्हणाली. "इन्शुरन्स संपलाय. मुगीतु म्हणजे संपला. मला आत्ता कळलं. तू आता गप्प बस. मी त्यांना सांगते की इन्शुरन्स आहे. मग म्हातारीला गाडीत घाल, जवळच्या हॉस्पिटलच्या दारात उतरव आणि तिथून निघ. नाव सांगू नकोस, नंबर देऊ नकोस. गाडी आपली नाहीच, वर्कशॉपची आहे. ते बघतील काय ते."

बोलताना तिला स्वतःची लाज वाटली नाही. तेवढी जागाच नव्हती, भीतीनं सगळी जागा घेतली होती. तिनं घसा साफ केला आणि आवाज चढवून कन्नडमध्ये म्हणाली, "इन्शुरन्स इदे. फुल इन्शुरन्स इदे." इन्शुरन्स आहे.

पलीकडचा गोंगाट ओसरला. पत्र्यावरची थाप थांबली. तिनं श्वास सोडला.

"ताई," एक पुरुषी आवाज फोनजवळ आला. सावकाश, खालच्या पट्टीत. "आमी बिदरकडल्या भालकीचे हाव. घरात मराठीच बोलताव."

म्हणजे मघाचं सगळं त्याला कळलं होतं.

"मी पिराजी. हितं विमानतळावर सामानाच्या गोदामात कामाला हाय. तुमी म्हातारी म्हनलाव, ती माझी आई हाय. सकवारबाई नाव तिचं. दारात उतरवून निघ म्हनलाव तुमी."

"मी... दादा, मी घाबरले होते. ते तुम्ही लोक..."

"मघापासनं ती आई गं, आई गं करायलीय, ताई. तुमच्या सायबाला ऐकू आलं न्हाई. तुमाला बी ऐकू आलं न्हाई का?"

आत्ता तिला ते ऐकू आलं. कण्हणं तेच होतं, मघाचंच, पण आता त्यात शब्द होते. आई गं. अगं आई गं. नागपुरात तिची आजी गुडघा दुखला की असंच म्हणत उठायची. इतका वेळ शाल्मलीनं तो नुसता आवाज म्हणून ऐकला होता.

गर्दीतून कुणीतरी दरडावून विचारलं, "एनंद्रु अवरु?" काय म्हणाल्या त्या? आणखी दोघातिघांनी तेच विचारलं. धक्काबुक्कीचा आवाज आला आणि त्यात अभिजीतचा "अहो, थांबा, थांबा" असा केविलवाणा स्वर. एक वाक्य पुरेसं होतं. या माणसानं त्यांना खरं सांगायचं, बस. आणि का सांगू नये? रस्त्यात त्याची आई पडलीय, आणि तिला दारात टाकून पळ, असं त्यानं स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या कानांनी ऐकलंय. शाल्मलीनं डोळे मिटून घेतले. तिला देवाचं नावही आठवेना. फोन हातातून निसटू नये म्हणून ती तो दोन्ही हातांनी धरून बसली होती.

मग पिराजीचा आवाज आला, गर्दीकडे वळलेला, खणखणीत कन्नडमध्ये. "इन्शुरन्स इदे अंतारे. बिडि अवरन्ना. आस्पत्रेगे होगोणा."

एवढं तिला कळलं. शब्दन् शब्द कळला. इन्शुरन्स आहे म्हणतायत. सोडा त्यांना. दवाखान्यात जाऊ.

दार उघडल्याचा आवाज झाला. कुणीतरी सांभाळून, सांभाळून म्हणत होतं. म्हातारी एकदा जोरात किंचाळली. मग दारं लागली आणि गलबला काचांबाहेर राहिला.

"गर्दीला कळलं असतं तर सायबाला सोडलं नसतं त्यांनी," पिराजी म्हणाला. आता तो गाडीतूनच बोलत होता. "म्हनून मी खोटं बोललो. सगळी माझ्या वळखीची मानसं हायत, ताई. उद्या मलाच इचारतील. आता तुमी देवनहळ्ळीच्या दवाखान्यात या. पोलिसाला, डॉक्टरला, जे खरं हाय ते तुमच्या तोंडानं सांगा. तवर सायब माझ्यासंगं ऱ्हातील."

"येते," शाल्मली म्हणाली. पायात चपला सरकवत तिनं पुन्हा म्हटलं, "येते, दादा."

"शाल्मली, लवकर ये," अभिजीत मध्येच म्हणाला. तो रडत होता बहुधा. तिनं त्याला कधी रडताना ऐकलं नव्हतं.

आणि मग तिसरा आवाज आला. दमलेला, घोगरा, वेदनेनं तुटत तुटत येणारा. "कोन हाय रं फोनवर, पिऱ्या? मराठी बोलायलीय."

"बाई हाय एक. सायबाची मालकीन."

"दे हिकडं."

"आई, पड की गप."

"दे म्हनते ना."

खसफस झाली. फोन म्हातारीच्या तोंडापाशी गेला असावा, तिचा श्वास शाल्मलीच्या अगदी कानात वाजायला लागला. मघाशी शाल्मली काय बोलली, त्यातलं म्हातारीनं काहीच ऐकलेलं दिसत नव्हतं. तिच्यापर्यंत पोचली होती ती नुसती भाषा. आता ती शिव्या देईल, तळतळाट देईल, असं वाटून शाल्मलीनं अंग चोरलं.

"लई दुखतंय, बाई," सकवारबाई म्हणाली. "हितं समदे कानडीच बोलत्यात. तुमचं बोलनं कानावर आलं अन् जरा धीर आला. कोन्या गावच्या हाव तुमी?"

शाल्मलीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिला वाटलं, आत्ता, या क्षणी फोन बंद करावा.

"नागपूरची, आजी," ती म्हणाली. "शाल्मली नाव माझं. शाल्मली वानखडे. त्या गाडीची किल्ली मीच घेतली होती."

"या मग, लेकी," म्हातारी म्हणाली. "लवकर या. मला भ्या वाटायलंय."